जाणतेपणी घेतलेला धर्म : छत्तीसगडचे मेनोनाइट

दोन वर्षांपूर्वी कर्मचारी संघटनेच्या अधिवेशनासाठी रायपूरला गेलो होतो. जेवणाच्या पंगतीत शेजारी धमतरीचे एक कारकून बसले होते. मी जयभीम केला, त्यांनीही मोकळेपणाने जयभीम केला. बोलता बोलता म्हणाले, "भाईसाहब, हम मेनोनाइट हैं." हा शब्द मी आयुष्यात प्रथमच ऐकला. ते ख्रिस्ती. त्यांची पणजी सतनामी समाजातली, म्हणजे गुरू घासीदासांनी जातिभेद नाकारून उभ्या केलेल्या पंथातली. दुष्काळात आईबाप गेले आणि ती मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढले. आपल्या माणसांनाही हे माहीत असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मेनोनाइट पंथाचे मूळ युरोपात आहे. १५२५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात काही तरुणांनी एक साधा प्रश्न विचारला. तान्ह्या बाळाला काय कळते? मग त्याला बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती कसे ठरवता? माणसाने मोठे झाल्यावर, समजून उमजून, स्वतः धर्म स्वीकारावा, असे त्यांचे म्हणणे होते. एवढ्यासाठी त्यांचा छळ झाला. फेलिक्स मान्झ या तरुणाला १५२७ साली नदीत बुडवून मारले. पुढे हॉलंडमधील मेनो सायमन्स या धर्मगुरूने १५३६ साली आपले पद सोडले व या विखुरलेल्या लोकांना सावरले. त्याच्या नावावरून हे लोक मेनोनाइट झाले. शस्त्र हाती धरायचे नाही आणि राज्यसत्तेने धर्मात हात घालायचा नाही, ही त्यांची शिकवण.

भारतात हे लोक तीन वाटांनी आले. रशियातील मेनोनाइटांनी पाठवलेले फ्रिझन दांपत्य १८९० च्या सुमारास निजामाच्या राज्यात नलगोंडा येथे आले. अमेरिकेतील मिशनरी मार्च १८९९ मध्ये मुंबई बंदरात उतरले आणि त्याच वर्षी धमतरीला स्थायिक झाले. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या मिशनने चांपा येथे काम सुरू केले. धमतरी आणि चांपा त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि प्रांताचा कारभार नागपुरातून चाले.

ते आले तेव्हा छपन्नचा दुष्काळ पडला होता. धान्यवाटप, अनाथाश्रम आणि शाळा यांपासून त्यांचे काम सुरू झाले. १९०२ साली चांपा येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते, त्यांच्या जखमा तेथे धुतल्या गेल्या. या सेवेचे मोल नाकारणे कृतघ्नपणा होईल.

पण प्रश्नही विचारले पाहिजेत. मिशनने १९०६ साली धमतरीजवळचे बालोदगहन गाव विकत घेतले व ते तेथील मालगुजार झाले. अन्नदाता, जमिनीचा मालक आणि धर्मोपदेशक एकच असेल, तर गरिबाने घेतलेला निर्णय कितपत त्याचा स्वतःचा? ज्या पंथाचा जन्मच स्वतंत्र निवडीच्या आग्रहातून झाला, त्याला हा प्रश्न चुकवता येत नाही. तेलंगणात माला व मादिगा बांधव मोठ्या संख्येने या पंथात आले. पण या दोन जातींमधली दरी चर्चमध्येही पुरती बुजली नाही.

मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमिष दाखवून केलेल्या धर्मांतरावर समितीने १९५६ च्या अहवालात कडक टीका केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच नियोगींनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. धर्मांतरावर टीका करणाऱ्या समितीचे अध्यक्ष स्वतः धर्मांतर करतात, यात मला विसंगती दिसत नाही. आमिषाने घेतलेला धर्म वेगळा आणि विचाराने घेतलेला धर्म वेगळा.

आज भारतातील मेनोनाइट व त्यांच्या बंधुपंथांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. चर्चचा कारभार आता भारतीयांच्याच हाती आहे. जानेवारी १९९७ मध्ये त्यांची जागतिक परिषद कोलकात्यात (तेव्हाचे कलकत्ता) भरली होती. पण त्या पंगतीतल्या मित्राचे दुःख वेगळेच होते. मुलाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज एका कचेरीतून परत आला होता. "मी चर्चमध्ये जातो म्हणून गाव माझी जात विसरले का?" असे त्यांनी विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. त्यात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली आपला, बौद्धांचा, समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. त्यांना अनुसूचित जातींच्या राखीव जागा नाहीत आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली केंद्र सरकारने याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

१९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे आपण काय भोगले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. धम्म घेतला म्हणून सवलत गेली, पण गावकुसाबाहेरचे घर तिथेच राहिले. जे आपण सोसले, ते दुसरा सोसत असताना "आमच्या वाट्याचे कमी होईल" या भीतीने गप्प बसणे आपल्याला शोभत नाही. वाट्याचा प्रश्न खरा आहे. तो समोरासमोर बसून सोडवता येईल.

त्या मित्राला मी पत्र लिहिले आहे. पुढच्या अधिवेशनात या मागणीचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन ते देणार आहेत.