बाटलीवर न आलेलं चित्र

पॅरिसमध्ये १९१० साली लामी नावाच्या संशोधकानं एक निरीक्षण नोंदवलं. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे ८० टक्के रुग्ण दारूच्या आहारी गेलेले होते, बहुतेक अ‍ॅब्सिंथ ही कडक दारू पिणारे. दारूच्या वाटेवर अन्ननलिकेच्याही आधी तोंड लागतं. तरी दारू म्हटलं की लिव्हर, हेच गणित पुढे डोक्यात बसलं. दारूबंदीच्या वादांत आपल्याकडे संसार, पगार, मारहाण हे सगळं आलं, तोंड क्वचितच.

१९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दारूला सिद्ध कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की दिवसाला दोन किंवा जास्त पाकिटं सिगारेट आणि चारांहून जास्त पेग घेणाऱ्यांना तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका ३५ पटींहून अधिक असतो. या दोन व्यसनांचे धोके नुसते बेरजेत मिळत नाहीत, एकमेकांना वाढवतात. तंबाखूचा बार भरून वर क्वार्टर घेणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं होतं?

नव्वदच्या दशकात फिनलंडच्या संशोधकांनी लाळ तपासली, आणि मला वाटतं, या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच. तोंडातले जिवाणू दारूचं तिथल्या तिथे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन बनवतात. लाळेत त्याचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट असतं. जंतुनाशकाच्या गुळण्या केल्यावर ते बरंच घटलं. म्हणजे विष घोटाबरोबर तोंडातच तयार होतं. भारी स्कॉच असो की देशी, तोंडात होतं ते हेच. २००९ मध्ये दारूतून येणारं अ‍ॅसिटाल्डिहाइडही पहिल्या गटात गेलं.

दातांची झीज, कोरडं तोंड, सुजलेल्या हिरड्या हे पिणाऱ्यांत नेहमी दिसतं. पण माझी तळमळ तोंडातल्या त्या पांढऱ्या चट्ट्यासाठी आहे, जो कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकतो. तो दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने राहून जातो. डॉक्टरांनी विचारलं तर तंबाखूचं लोक सांगतात; दारूचं उत्तर मात्र ‘कधीमधी, सणासुदीला’.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्यानं व्यापला. दारूच्या बाटल्यांसाठी २०१९ मध्ये इशारा सक्तीचा झाला: मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका. कर्करोग हा शब्द त्यात नाही.