नव्या वाशाला लागलेली कुज

वखारीतून आणलेल्या नव्या वाशावर मऊ, तपकिरी डाग दिसला की बहुतेक जण औषध शोधतात. खरे तर आधी ओल शोधायला हवी. लाकूड कुजवणारी बुरशी साधारण वीस टक्क्यांहून कमी ओलाव्यात वाढत नाही, आणि ताज्या कापलेल्या लाकडात ओलावा त्याहून कितीतरी जास्त असतो. असे लाकूड घाईने रंगवले, तर ओल आतच कोंडते आणि बुरशीचे फावते. निळसर डागांना मात्र घाबरू नये. ती बुरशी लाकडातल्या साखरेवर जगते, तंतूंचे बळ फारसे घटवत नाही. टोच्या सहज आत गेला, ढलपी कुरकुरीत तुटली, तर मात्र ती खरी कुज.

‘सागवान आहे, कुजणार कसे?’ असे विचारले जाते. सागाचा टिकाऊपणा गाभ्यातला. सालीलगतचा फिकट भाग इतर लाकडासारखाच कुजतो. मग औषधाचे काय? डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिकचे मिश्रण शोधले आणि ते जगभर वापरले गेले. बोरॅक्स-बोरिक आम्लही उपयोगी, पण पावसात ते धुऊन जाते. आणि कुठलेही औषध गेलेली ताकद परत आणत नाही. तुळईचा भाग कुजला असेल तर ती बदलावीच. चौकटीचा कुजका तुकडा पलीकडच्या थोड्या निरोगी लाकडासकट कापून उरलेले लाकूड सावलीत, हवेशीर रचून वाळवावे.