हवेचं अंग, जमिनीची वाट

सुरतेच्या इंग्रज वखारीतले कारकून व्यवहारी होते. नीळ, कापड, मिरी आणि त्यांचे भाव, एवढंच ते बहुधा लिहीत. पण 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्यानंतरच्या महिन्यांत या वखारीतून गेलेल्या एका पत्रात भलताच मजकूर आला. लोकांच्या बोलण्यावरून या माणसाचं अंग हवेचं असावं आणि त्याला पंखही असावेत, असं त्यात म्हटलं होतं. एकाच वेळी इतक्या ठिकाणी त्याला पाहिल्याच्या बातम्या येत होत्या की दुसरा खुलासा सुचत नव्हता. लिहिणाऱ्याने हे थट्टेत लिहिलं असेल, पण ज्या बाजारातून ही बातमी त्याच्याकडे आली तिथे ती थट्टा नव्हती. मेघाआड लपून बाण सोडणारा इंद्रजित, त्याने वानरसेनेसमोर मारून दाखवलेली खोटी सीता आणि रात्रीच्या युद्धात आकाशातून आग ओकणारा घटोत्कच या गोष्टी देवळाच्या पारावर ऐकत वाढलेल्या माणसाला राजा उडतो यात विशेष काही वाटायचं कारण नाही.

इंद्रजिताची ती मायासीता मला लहानपणापासून छळत आली आहे. खरी सीता अशोकवनातच होती. मारली गेली ती कोण? पुराणकार सांगतो की ती कोणीच नव्हती, ती माया होती. इतिहासात मात्र अशी सोय नसते. तिथे राजाच्या जागी जो उभा राहतो त्याला नाव असतं, घर असतं आणि बऱ्याचदा मागे बायको-पोरंही असतात.

पन्हाळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 1660 च्या आषाढातली पौर्णिमेची रात्र, ढगाआडचं चांदणं, सिद्दी जौहरचा वेढा आणि दोन पालख्या. एकीत महाराज, दुसरीत शिवा काशीद. दुसरी पालखी सापडावी म्हणूनच निघाली होती. पहिली बांदलांच्या खांद्यांवरून विशाळगडाकडे धावत होती आणि घोडखिंडीत बाजीप्रभू मागे थांबले. शिवा काशीदाची समाधी पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापुरात आहे. 17 ऑगस्ट 1666 रोजी आग्र्यातून महाराज निसटले तेव्हा त्यांच्या जागी पलंगावर हिरोजी फर्जंद निजला होता. पांघरुणाबाहेर हात, हातात महाराजांचं कडं. पुढे मथुरेत ठेवलेल्या संभाजीराजांवरची नजर हटावी म्हणून ते वारल्याची आवई उठवली गेली. इथे तर माणसाऐवजी नुसती बातमीच तोतया म्हणून उभी केली. शाइस्तेखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलाग भलत्या घाटात वळवल्याची कथा खरी असो वा रचलेली, ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार आपण अजून रोज वापरतो. हूल देण्याची ही विद्या मराठी भाषेत इतकी मुरली आहे.

पण या मालिकेतली शेवटची सुटका फारशी कुणी सांगत नाही. ती सुरू झाली आमच्या जालन्यात.

1679 चं साल महाराजांना वाईटच गेलं. आदल्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले होते. एप्रिलमध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला आणि गडावरच्या सातशे लोकांचा एकेक हात तोडला. पावसाळा सरल्यावर तो विजापुरावर चालून गेला. विजापूरच्या सिद्दी मसूदने महाराजांकडे मदत मागितली. दिलेरखानाचा वेढा समोरून फोडण्यापेक्षा त्याच्या मागचा मुलूख पेटवला तर तो आपोआप मागे वळेल, हा महाराजांचा हिशेब. म्हणजे जालन्याची स्वारी मुळातच एक मोठी हुलकावणी होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घोडदळाच्या दोन फळ्या भीमा ओलांडून मोगलाईत शिरल्या. एक खुद्द महाराजांची, दुसरी आनंदरावांची. दोन्ही मिळून अठरा हजारांच्या आसपास स्वार.

जालना त्या काळी श्रीमंत पेठ. ‘जालना सोने का पालना’ हे आजही गावात ऐकू येतं. आता ते बियाण्यांच्या कंपन्या आणि सळयांच्या कारखान्यांकडे बोट दाखवून म्हणतात, तेव्हा कापडाच्या आणि सराफीच्या दुकानांकडे पाहून म्हणत असतील. औरंगाबाद इथून साठेक किलोमीटर, आणि तिथे शहजादा मुअज्जम, म्हणजे शाहआलम, दख्खनचा सुभेदार म्हणून बसलेला. बादशहाच्या मुलाच्या नाकाखाली, कुंडलिकेच्या काठी, दिवाळी सरून तीन आठवडे झाले असताना मराठ्यांनी ही पेठ चार दिवस लुटली. सोनं, रुपं, जवाहीर, कापड, घोडे, उंट, हत्ती.

इथे मला, जालन्याचा म्हणून, थोडं थांबायला हवं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी पन्हाळ्याची पालखी निघायची आणि बाजीप्रभू दरवर्षी रंगमंचावर पडायचे. जालन्याची लूट कुणी बसवली नाही. कशी बसवणार? लुटणारे आपले आणि लुटलं गेलेलं गावही आपलंच. या जिल्ह्यात घनसावंगीजवळच्या जांबेत समर्थ रामदास 1608 मध्ये जन्मले, ते आम्ही अभिमानाने सांगतो. 1679 च्या कार्तिकात मात्र आमच्या पणजोबांचे पणजोबा नक्की कुठे लपले होते, हे कुणी विचारत नाही.

काही जण कुठे लपले ते माहीत आहे. गावाबाहेरच्या बागेत जान मुहंमद नावाचे सूफी फकीर राहत. जालन्यात त्यांना जानुल्ला शाह म्हणतात आणि त्यांचा दर्गा आजही आहे. महाराज फकिरांच्या आणि साधूंच्या जागेला धक्का लावत नाहीत हे सावकारांना ठाऊक होतं. म्हणून ते दागदागिने घेऊन तिथे शिरले. शिपायांनी त्यांना तिथेही सोडलं नाही आणि फकिराचाही अपमान केला. खाफीखान आणि भीमसेन सक्सेना हे दोघे मोगल बाजूचे इतिहासकार सांगतात की फकिराने शाप दिला आणि त्याच शापाने पुढे शिवाजी मेला. खाफीखान महाराजांचा मित्र नव्हे. मशिदी, कुराण आणि बायका यांना हात लावू नका असा त्यांचा सक्त हुकूम असे, हे मात्र त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. त्यामुळे जालना त्याच्या कथेत अपवाद म्हणून येतं, आणि माझ्या मते म्हणूनच ते खरं वाटतं. शापाचं खरंखोटं राहू द्या, पण फकिराच्या तकियात काहीतरी घडलं असावं. 3 एप्रिल 1680 ला, पाचेक महिन्यांत, महाराज ज्वराने गेले. बादशाही फौजांना वीस वर्षांत जे साधलं नाही ते एका म्हाताऱ्या फकिराच्या जिभेने केलं, असं लिहिताना मोगल दरबारातल्या माणसाला किती हलकं वाटलं असेल!

शाप फळण्याआधी मात्र फौज मागे लागली होती.

लुटीने लादलेलं लष्कर परतताना हळू चालतं. महाराजांना हे पुरेपूर ठाऊक होतं. 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून येताना वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाने गाठलं, तेव्हा त्यांनी फौजेचे तुकडे केले. लूट पुढे काढून दिली आणि उरलेले उलटून लढले. 17 ऑक्टोबरची ती लढाई मराठ्यांनी उघड्या मैदानात जिंकली. तीच युक्ती जालन्याहून परतताना पुन्हा करायची होती, पण यावेळी गणित बिघडलं. रणमस्तखान नावाचा सरदार पिछाडीवर आला आणि संगमनेरच्या बाजूला त्याने मराठ्यांना तीन दिवस अडकवून ठेवलं. जालन्याहून संगमनेर दोनशे किलोमीटरच्या घरात. पट्टा किल्ल्याचा डोंगर तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर. गड इतका जवळ आलेला आणि मागे तलवारी.

चंदावलावर, म्हणजे लष्कराच्या शेपटाशी, सिधोजी निंबाळकर होते. पंचहजारी सरदार. ते पडले. हंबीरराव मोहिते लढले. एवढ्यात मोगलांची आणखी एक मोठी फौज येत असल्याची खबर आली. बखरकार सभासद इथे एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. त्या येणाऱ्या फौजेतल्या केसरीसिंह नावाच्या रजपूत सरदारानेच रात्री गुपचूप निरोप पाठवला की वेढा पुरा होण्याआधी निघा. रजपुताने असं का केलं, ते बखरीत नाही. शत्रूच्या गोटात बसून राजाला वाट मोकळी करून देणारा हा माणूस आपण पार विसरून गेलो.

पन्हाळ्यावर दोन पालख्या होत्या, आग्र्यात पलंग होता. इथे काहीच नव्हतं. पालखी नाही, महाराजांचा वेष घेतलेला कुणी नाही, कडं नाही. अठरा हजारांतली जी काही फौज उरली होती तिच्यासाठी तोतया राजा उभा करून चालणार नव्हतं. उघड्या मुलखात, दिवसाउजेडी, हत्ती-उंटांसकट एक आख्खं लष्कर लपवायचं होतं. त्यासाठी माणसाची नक्कल कामाची नव्हती, दुसरी वाट हवी होती. ती वाट बहिर्जी जासुदाकडे होती.

बहिर्जी नाईक सुरतेच्या वेळीही पुढे जाऊन खबर आणणारा. रामोशी समाजातला, सोंगं घेण्यात तरबेज, असं परंपरा सांगते. तीन दिवस तीन रात्री त्याने लष्कर आडवाटेने नेलं आणि पट्टा किल्ल्याखाली आणून सोडलं. कार्तिक वद्य संपत आलेलं, अमावास्या तोंडावर. पन्हाळ्याला निदान ढगाआड चंद्र होता. इथे तोही नाही. अकोले आणि सिन्नर तालुक्यांच्या सीमेवरच्या त्या भागात गेलं की या प्रवासाचा अर्थ कळतो. एका बाजूला औंढ्याचा सुळका, पलीकडे बितनगड, मध्ये सोंडा आणि घळी. दिवसाही अनोळखी माणसाला पुढची सोंड कुठे उतरते याचा अंदाज येत नाही. मशाल पेटवली तर मागच्याला दिसणार. मशालीवाचून घोडी, उंट, जखमी स्वार आणि उरलंसुरलं जडजवाहीर घेऊन चालायचं.

किंमत मोजावी लागली. दोनेक हजार घोडी आणि लुटीतला मोठा हिस्सा मागे राहिला. जदुनाथ सरकारांनी मेलेल्या मराठ्यांचा आकडा चार हजार दिला आहे. विजय म्हणावा असं हे काही नव्हतं. मला वाटतं, या सुटकेवर पोवाडे कमी रचले गेले त्याचं एक कारण हेही असावं. पन्हाळ्याची सुटका ऐकताना मन भरून येतं. जालन्याची ऐकताना मागे सोडलेल्या माणसांची संख्या मोजावी लागते.

मग ही कथा आपल्याला इतकी नावनिशीवार कळली कशी? कृष्णाजी अनंत सभासदाने 1694 मध्ये बखर लिहिली ती जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. राजाराम जिंजीत कसे पोचले होते? 1689 च्या एप्रिलमध्ये रायगडाच्या वेढ्यातून निसटून, प्रतापगड, पन्हाळा करत, यात्रेकरूंचा वेष घेऊन, मागावर मोगल असताना तुंगभद्रा ओलांडून, केळदीच्या राणी चन्नम्माच्या मदतीने. बंगळूरजवळ एका मुक्कामावर यात्रेकरूंपैकी एकाच्या सेवेत बाकीचे जरा जास्तच वाकत आहेत, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. म्हणून राजाराम दुसऱ्या वाटेने निघाले आणि खंडो बल्लाळ काही जणांसह तिथेच थांबले. आम्हीच ते यात्रेकरू, असं सांगत त्यांनी मार खाल्ला. तोंडाला राखेचे तोबरे बांधल्याचं चिटणिसांच्या बखरीत आहे. अशा माणसासाठी सभासद लिहीत होता. दुसऱ्याच्या पाठीवरच्या फटक्यांवर ज्याचा जीव वाचला, त्याच्यासमोर बसून वडिलांच्या सुटका सांगायच्या. अशा वेळी वाटाड्याचं नाव गाळता येत नसावं. बखरींमध्ये मंत्र्यांची नावं भरपूर मिळतात, जासुदाचं नाव असं क्वचितच पानावर येतं.

त्याच नोव्हेंबरात, बाप पट्ट्याच्या वाटेवर असताना, मुलगाही दिलेरखानाच्या छावणीतून रात्री निसटला. बरोबर येसूबाई, पुरुषी वेषात, आणि मूठभर स्वार. विजापूरमार्गे संभाजीराजे डिसेंबरच्या सुरुवातीला पन्हाळ्यावर आले. बातमी पोचली तेव्हा महाराज आडवाटेच्या शिणातून नुकतेच सावरत होते. पट्ट्यावर ते पंधराएक दिवस राहिले, असं सांगतात. त्यांच्या धावपळीच्या आयुष्यात एकाच गडावर विसाव्यासाठी राहिल्याची अशी नोंद विरळाच. तेव्हापासून त्याचं नाव विश्रामगड. वर त्र्यंबक दरवाजा आहे, अंबारखाना आहे, पट्टाई देवीचं देऊळ आहे. अंबारखान्याच्या सावलीत बसलं की पूर्वेकडे ज्या मुलखातून ते आले तो नुसता धुरकट दिसतो. खालच्या गावांत मात्र गडाला अजून पट्टाच म्हणतात.

बहिर्जीला बक्षीस मिळालं. त्यानंतर कागदांत त्याचा माग पुसट होत जातो. त्याची म्हणून एक समाधी दाखवतात ती सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरच्या गडावर. तोच भूपाळगड, जिथे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सातशे जणांचे हात तोडले गेले होते.