चार बहिणी, चार मुकुट

तेराव्या शतकात भूमध्य समुद्राकाठच्या प्रॉव्हान्स या छोट्या प्रांतावर काउंट रेमंड बेरेंगर चौथा राज्य करीत होता. त्याच्यामागे मुलगा उरला नाही. होत्या त्या मार्गरेट, एलिनॉर, सांशिया आणि बिआट्रिस या चार मुली. पुढे या चौघीही राण्या झाल्या.

थोरली मार्गरेट १२३४ मध्ये, तेराव्या वर्षी फ्रान्सचा राजा नववा लुई याची राणी झाली. १२३६ मध्ये एलिनॉरचे लग्न इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीशी झाले. सांशियाने १२४३ मध्ये हेन्रीचा भाऊ रिचर्ड याला वरले, तर बिआट्रिसने १२४६ मध्ये लुईचा भाऊ चार्ल्स याला. म्हणजे चौघी बहिणींत सख्ख्या जावांच्या दोन जोड्या! रिचर्ड १२५७ मध्ये जर्मनीचा राजा झाला आणि चार्ल्स १२६६ मध्ये सिसिलीचा, तेव्हा धाकट्या दोघींच्या डोक्यावरही मुकुट चढला.

मुकुट आला तरी सुख येतेच असे नाही. मार्गरेटची सासू, राजमाता ब्लांश, नवराबायकोला एकत्र बसू देत नसे. लुईचा चरित्रकार झ्वॅंव्हिल सांगतो की, पाँत्वाजच्या वाड्यात राजाची खोली वर आणि राणीची खाली होती. दोघे मधल्या चक्री जिन्यात भेटत. सासूबाई येताना दिसल्या की द्वारपाल काठीने दार ठोठावत आणि दोघे आपापल्या खोलीत पळत.

हीच मार्गरेट १२५० मध्ये इजिप्तमधल्या दमिएटा बंदरात होती. धर्मयुद्धात लुई शत्रूच्या हाती लागला होता आणि तिचे दिवस भरत आले होते. पलंगाशी राखणीला बसलेल्या ऐंशी वर्षांच्या सरदाराला तिने विनवले की, शहर पडले तर माझे शिर उडवा. ‘मी ते आधीच ठरवले होते,’ असे त्याचे उत्तर होते. मुलगा झाला आणि लगोलग पिसा व जिनोआचे लोक शहर सोडून निघाल्याची बातमी आली. बाळंतिणीने त्यांना पलंगापाशी बोलावले, शहरातले सगळे धान्य आपल्या खर्चाने विकत घेण्याची हमी दिली आणि त्यांना थांबवले. तिने राखलेले हे दमिएटाच पुढे राजाच्या सुटकेसाठी मोबदला म्हणून देता आले.

एलिनॉरने सॅव्हॉयहून आजोळची माणसे आणून मोठमोठ्या पदांवर बसवली. इंग्रजांना ते खुपले. १२६३ मध्ये तिची नाव लंडन ब्रिजखालून जाऊ लागली, तेव्हा पुलावरच्या जमावाने तिच्यावर दगड आणि चिखल फेकला.

बहिणींच्या नात्याने दोन वैरी राजघराणी मात्र जवळ आली. १२५४ च्या नाताळात पॅरिसला साऱ्यांची भेट झाली. लगेच १२५५ मध्ये लुईने हेन्रीला चक्क हत्ती भेट दिला आणि १२५९ मध्ये पॅरिसचा तहही झाला.

चौघींमधले भांडण पेटले ते माहेरावरून. वडिलांनी मृत्युपत्रात अख्खा प्रॉव्हान्स धाकट्या बिआट्रिसच्या नावे केला होता. मार्गरेटच्या हुंड्याची रक्कमही थकलेलीच होती. १२६७ मध्ये बिआट्रिस वारली, पण प्रांत चार्ल्सकडेच राहिला. साठीच्या मार्गरेटने १२८१ मध्ये त्याच्याविरुद्ध सरदारांची फळी उभारली, पण हाती काही लागले नाही. १२९५ मध्ये चौघींत सर्वांत शेवटी तीच गेली. प्रॉव्हान्स फ्रान्सच्या राजाकडे वारशाने आला तो १४८१ मध्ये.