विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तालुक्यातच आधार

शिकताना विशेष साहाय्याची गरज असणाऱ्या मुलांमध्ये दृष्टिदोष किंवा श्रवणदोष असलेल्या मुलांबरोबरच स्वमग्न मुले, बौद्धिक अक्षमता असलेली मुले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेली, म्हणजे बुद्धिमत्ता सर्वसामान्य असूनही वाचन, लेखन वा गणितात सातत्याने अडखळणारी मुले येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तथापि हा हक्क प्रत्यक्षात किती मिळतो, हे बहुतांशी साहाय्य घरापासून किती दूर आहे यावर ठरते.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी करतात आणि गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान वयातच निदान व उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे पाठवतात. निदानासाठी जिल्ह्याच्या गावी एकदोन खेपा घालता येतात; वाचा-उपचार व भौतिकोपचार मात्र महिनोन्‌महिने नियमित घ्यावे लागत असल्याने, प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडणाऱ्या पालकांकडून ते मध्येच सुटतात.

शाळेतील साहाय्याचीही हीच अडचण आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 आणि त्यापुढे 15 विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. परंतु धडगाव किंवा भामरागडसारख्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या तालुक्यांत दहा मुले अनेक पाड्यांवर विखुरलेली असू शकतात, म्हणून पदे ठरवताना विद्यार्थिसंख्येबरोबर प्रवासाचे अंतरही मोजले पाहिजे.

साहाय्य घराजवळ मिळावे यासाठी साधने, उपचार व मार्गदर्शन एकत्र मिळणारे संसाधन कक्ष केंद्रशाळांपर्यंत न्यावेत, उपचारतज्ज्ञ तेथे ठरलेल्या वारी यावेत आणि प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे त्याने पुढील काही महिन्यांत काय शिकावे व त्यासाठी कोणी काय करावे याची लेखी योजना, विशेष शिक्षक, वर्गशिक्षक व पालक यांनी मिळून करावी. विशेष शिक्षकाची भेट अधूनमधून होते, तर वर्गशिक्षक मुलासोबत रोज असतो. त्यामुळे आराखडा वर्गशिक्षकाच्या हाती नसेल तर दोन भेटींमधले दिवस वाया जातात. म्हणूनच तालुक्याच्या कामाचा आढावा घेताना वाटलेली दिव्यांगत्व प्रमाणपत्रे व साहित्य यांच्या नोंदींपुढे जाऊन किती मुलांचे उपचार अखंड चालले आणि किती आराखड्यांतील उद्दिष्टे साध्य झाली, हे दर सत्रात तपासणे आवश्यक आहे.