पाय हलका की ब्रेक?

“अगं, तुझाच पाय हलका पडतो,” हे वाक्य मी गेल्या पावसाळ्यानंतर पंधरा दिवस ऐकत होते.

आमची मारुती ८०० आहे २००७ सालची. हे मॉडेल २०१४ मध्ये बनायचंच बंद झालं, पण आमची गाडी अजून टुणटुणीत. २०२२ साली तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा पेणच्या आरटीओत नेऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढवून आणली. हे धाटावला कंपनीच्या बसने जातात. त्यामुळे वरसे ते रोहा बाजार, सासूबाईंचा दवाखाना, लेकीचा क्लास, सगळ्या फेऱ्या माझ्याच.

तर झालं असं, की गाडी थांबवून ब्रेकवर पाय ठेवला की पॅडल हळूहळू खाली जायचं. वाळूत पाय रुतावा तसं. ह्यांना सांगितलं. त्यांनी रविवारी गाडी फिरवून आणली आणि म्हणाले, “फर्स्ट क्लास लागतोय!” तरी मी गॅरेजला नेली. तिथल्या मेकॅनिकने मागचे लायनर बदलले, बिल हातात दिलं आणि वर सल्ला, “मॅडम, दोनदा दाबत जा.” मीही मुकाट्याने दोनदा दाबू लागले. चूक तीच झाली.

चार दिवसांनी कुंडलिकेच्या पुलाकडे जाताना वाहतूक तुंबली. जरासा उतार होता. पुढे मुलांनी भरलेली शाळेची रिक्षा, मागच्या सीटवर सासूबाई. माझा पाय ब्रेकवरच होता, आणि पॅडल थेट तळाला टेकलं. गाडी पुढे सरकायला लागली. “अगं, थांबव की!” सासूबाई ओरडल्या. हँडब्रेक खेचला म्हणून वाचलो. त्याची तार वेगळी असते, तो ब्रेक ऑइलवर चालत नाही. रिक्षा आणि आमच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. मागच्या काचेतून एक पोरगी माझ्याकडे बघून हसत होती. मला मात्र घाम फुटला होता.

गाडी तिथेच कडेला लावली, एक पैसाही पुढे नेली नाही. दुसऱ्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी चारही चाकांच्या आतल्या बाजू बघितल्या. कुठे ओल नाही. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघितली. पातळी बरोबर, पण ऑइल मात्र काढ्यासारखं काळं. मग म्हणाला, “ताई, इंजिन चालू ठेवून हलक्या पायाने ब्रेक दाबून धरा.” मी धरला. पॅडल खाली, खाली, तळाला. “आता जोरात दाबा.” वर अडकलं!

“मास्टर सिलिंडर गेला,” तो म्हणाला. मला कळेना. मग त्याने पिचकारीचं उदाहरण दिलं. आतला रबरी वॉशर झिजला, की दट्ट्या हळू दाबताना पाणी कडेने मागे येतं. जोरात दाबला तर रबर फाकून भिंतीला चिकटतं आणि पिचकारी बरोबर उडते. ऑइल बाहेर गळत नाही, आतल्या आतच मागे फिरतं, म्हणून डबीतली पातळीही उतरत नाही. हे ब्रेक दाबतात तो धाडकन. त्यांना दोष जाणवणार कसा? हळू पायानेच तो सापडतो.

कारणही त्याने दाखवलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्या कोकणात ओलाव्याला काय तोटा? त्याने सिलिंडर आतून गंजतो, आणि गंजावर घासून रबर जातं. शिवाय पाणी शोषलेलं ऑइल लवकर उकळतं. ताम्हिणीसारखा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, तर ऐनवेळी पॅडल नुसतं फुसकं होऊ शकतं. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं म्हणतात. आमचं कधी बदललं होतं, कुणालाच आठवेना! नुसती डबी वरून भरू नका, आणि झाकणावर लिहिलेल्या प्रकाराशिवाय दुसरं तेल तर मुळीच घालू नका.

चालत्या गाडीत असं झालं तर? पॅडल भराभर दाबायचं, गिअर एकेक करत खाली आणायचा, हँडब्रेक हळूहळू ओढायचा. गाडी न्यूट्रल करायची नाही. घाबरून चावी तर काढायचीच नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

सिलिंडरच्या आत चरे पडले होते, त्यामुळे नुसतं किट टाकून भागणार नव्हतं. नवाच बसवला. मग लायनीतली हवा काढायला माझीच मदत लागली. मी सीटवर, तो चाकापाशी. “दाबा ताई... धरून ठेवा... सोडू नका हां... आता सोडा.” चारही चाकं होईपर्यंत पोटरी भरून आली, पण शेवटी पॅडल दगडासारखं घट्ट.

संध्याकाळी हे घरी आले. चहाही न देता त्यांना गाडीत बसवलं. म्हटलं, “इंजिन चालू करा, आणि हलक्या पायाने ब्रेक धरून ठेवा.”

साठपर्यंत आकडे मी मोजले.