लहान रायफलीची निवड

पॉइंट बावीस या नांवानें ओळखली जाणारी रायफल ही रायफलींच्या कुळांतील सर्वांत धाकटी. तिची गोळी हरभऱ्याएवढी, तिचा आवाज मोठ्या बंदुकीपुढें टाळीसारखा आणि तिचा धक्का खांद्यास जाणवेल न जाणवेल इतकाच. त्यामुळें ती शस्त्रापेक्षां खेळणेंच अधिक आहे, असा समज सहज होतो. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या अनेक सुशिक्षित कुटुंबांनीं शेतघरें बांधलीं आहेत. कोणाकडे वडिलांच्या वेळची परवान्याची रायफल असते, कोणास नवी घ्यावीशी वाटते, आणि मग प्रश्न बहुधा एकाच स्वरूपांत विचारला जातो: निशाणबाजीस आणि लहानसहान शिकारीस उपयोगी पडेल अशी आपोआप भरणारी रिमफायर रायफल कोणती घ्यावी? या एका प्रश्नांत तीन निरनिराळ्या गोष्टींची मोट बांधलेली आहे. ती सोडून प्रत्येक गोष्ट वेगळी पाहिली, तर उत्तर शोधणें कठीण नाहीं.

प्रथम काडतुसाचा विचार करूं. मोठ्या रायफलीच्या काडतुसांत बुडाच्या मध्यभागीं एक लहान टोपी बसविलेली असते. तिच्यावर खिळा आपटला कीं दारू पेटते. रिमफायर काडतुसास अशी वेगळी टोपी नसते. त्याच्या पितळी पुंगळीच्या बुडाचा कांठ आंतून पोकळ ठेवून त्यांत स्फोटक लेप भरलेला असतो, आणि हा कांठ चेमटला कीं ठिणगी पडते. अमेरिकेंतील स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ सालीं या जातीचें बावीस बोअरचें काडतूस बाजारांत आणलें. आज जगभर चालणारें ‘लाँग रायफल’ हें काडतूस १८८७ पासून प्रचारांत आहे. कांठ चेमटावा म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ पत्र्यास फार मोठा दाब सोसत नाहीं. म्हणूनच हें काडतूस जन्मभर लहान राहिलें. त्याच्या गोळीचें वजन सुमारें २.६ ग्रॅम आणि नळींतून सुटतांना तिचा वेग सेकंदास सुमारें ३२५ मीटर असतो. काडतूस स्वस्त, धक्का अल्प. नवशिक्यास हात स्थिर करावयास याहून चांगलें साधन नाहीं.

दुसरी गोष्ट अर्धस्वयंचलितपणाची. हा शब्द ऐकून पुष्कळांच्या डोळ्यांपुढें मशीनगन उभी राहते; तें बरोबर नव्हे. अर्धस्वयंचलित रायफलींत चाप एकदां ओढला कीं एकच गोळी सुटते. मात्र रिकामी पुंगळी बाहेर फेंकणें आणि पुढील काडतूस नळींत चढविणें हें काम रायफल स्वतःच करते. विंचेस्टर कारखान्यानें १९०३ सालीं अशी रिमफायर रायफल विक्रीस काढली. जॉन ब्राउनिंग यांनीं योजिलेली सुटसुटीत रायफल १९१४ पासून बेल्जममध्यें बनूं लागली. आणि १९६४ सालीं निघालेली अमेरिकेंतील रुगर कंपनीची ‘टेन-ट्वेंटीटू’ ही या प्रकारांतील अत्यंत खपाची रायफल ठरली. या सर्वांमागील युक्ति साधी आहे. नळीचें मागील दार, म्हणजे बोल्ट, हें कुलूप लावून बंद केलेलें नसतें. स्वतःचें वजन आणि पाठीमागील स्प्रिंग यांच्या जोरावर तें जागीं राहतें. दारूचा वायु जसा गोळीस पुढें रेटतो, तसाच तो पुंगळीस मागें रेटतो. गोळी हलकी म्हणून ती आधीं निघून जाते; बोल्ट जड म्हणून तो क्षणभर मागाहून सरकतो, पुंगळी झटकतो आणि स्प्रिंगेच्या जोरानें परत येतांना नवें काडतूस ओढून घेतो.

या सोयीची किंमत मात्र द्यावी लागते. बोल्ट मागें रेटण्याइतका जोर प्रत्येक काडतुसांत असावाच लागतो. एखादें अशक्त निघालें कीं पुंगळी अर्धवट अडकते. म्हणून अशा रायफलींस बहुधा अधिक वेगाचें काडतूस मानवतें. परंतु नेमबाजीसाठीं खास बनविलेलें काडतूस मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदास सुमारें ३४० मीटरांहून, कमी वेगाचें ठेवतात. कारण जलद सुटलेली गोळी हवेंत झपाट्यानें वेग गमावते आणि आडव्या वाऱ्यानें उलट अधिक ढळते. शिवाय बोल्ट उघडतांना काजळी आंतील यंत्रांत शिरते, म्हणून सफाई वरचेवर करावी लागते. हातानें बोल्ट उघडून एकेक काडतूस भरावयाच्या रायफलींत यांपैकीं एकही अडचण नाहीं: दार घट्ट बंद, हलणारे भाग थोडे, आणि काडतूस मंद असो वा जलद, तिला सारखेंच.

तिसरी गोष्ट शिकारीची, आणि येथें कायद्यानें निर्णय देऊन टाकलेला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हां त्यांत लहान शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीनें हौशी शिकारीचे परवाने बंद झाले. ससा, तित्तर, लावा, होला, रानकोंबडा, ज्यांना पूर्वीं लहान शिकार म्हणत, ते सर्व आज संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनें उपद्रवी प्राण्यांची जुनी यादीहि कायद्यांतून गेली. कायद्याच्या व्याख्येंत शिकार म्हणजे केवळ मारणें नव्हे. मारण्याचा प्रयत्न करणें हीहि शिकारच होय, मग हातांत रायफल असो वा हवेची बंदूक. रानडुकरें पीक नासतात ही तक्रार खरी. परंतु त्यास अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी हें काम या रायफलीचें नव्हे. बावीसच्या गोळीनें डुक्कर मरत नाहीं. तें जखमी होऊन रानांत हाल होत पडतें.

येथें आणखी एक न्यायाची गोष्ट ध्यानांत घ्यावी. या तालुक्यांत डोंगरांच्या पायथ्याशीं आणि सोंडांवर ठाकूर समाजाच्या वस्त्या आहेत. ठाकूरवाडी या नांवाची वस्ती तर येथें एक नाहीं, अनेक आहेत. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या रानाच्या आधारानें जगत आला. त्याच्या फाशास आणि गलोलीस जो कायदा लागू झाला, तोच शहरांतून येणाऱ्या बंगलेवाल्याच्या रायफलीस लागू आहे. ज्यानें पोटासाठीं धरलेला ससा गुन्हा ठरतो, त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानें करमणुकीसाठीं तो मारावा, हें कायद्यास आणि माणुसकीस दोन्हींस धरून नाहीं.

अशा रीतीनें शिकार वजा झाली, आणि बाकी राहिली ती निशाणबाजी. या खेळांत महाराष्ट्राचें स्थान मानाचें आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटर रायफल प्रोन प्रकारांत जागतिक विजेतेपद मिळविलें. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच कांबळवाडी गांवच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक जिंकलें. ह्या दोन्ही स्पर्धा बावीसच्या रिमफायर रायफलीनेंच खेळल्या जातात. पन्नास मीटरांवर दहा गुणांचें वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जवळजवळ निम्म्या रुंदीचें असतें. आणि लक्षांत ठेवण्याजोगें हें, कीं या स्पर्धांत एका वेळीं एकच काडतूस भरावयाची रायफल चालते. आपोआप भरणारी चालतच नाहीं. तेथें घाईस बक्षीस नाहीं. प्रत्येक गोळीनंतर हात थांबतो, श्वास जागेवर येतो आणि मागील चूक मनांत तपासली जाते. शिकणें घडतें तें या विरामांतच.

कायद्याची वाटहि त्याच दिशेनें जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं रायफलीस परवाना लागतो. मुंबईंत तो पोलीस आयुक्तांकडे आणि रायगड जिल्ह्यांत अलिबागच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे मागावा लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित बंदुका सामान्यतः निर्बंधित वर्गांत घातल्या असून, साध्या रिमफायर रायफली त्याहून सौम्य वर्गांत आहेत. वडीलधाऱ्यांची जुनी रायफल घरीं असेल, तर परवानेदाराच्या मृत्यूनंतर ती कपाटांत तशीच राहूं देणें हा गुन्हा आहे. ती पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानें स्वतःच्या परवान्यासाठीं अर्ज करावा.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. पहिली कसोटी अंगाची: दस्ता खांद्यास लावून डोळे मिटावे, मग उघडावे; मान न वळवितां माशी आणि मागील दर्शक एका रेषेंत दिसले, तर रायफल अंगास बसली. दस्ता लांब असल्यास उत्तम रायफलहि परकी राहते. दुसरी कसोटी चापाची: तो हलका असण्यापेक्षां एकसारखा असावा, दाबतांना ओढाताण न होतां कांचेची काडी मोडावी तसा सुटावा. तिसरी कसोटी वजनाची: खांद्यावर टाकून हिंडावयास हलकी रायफल बरी, स्थिर नेमास थोडी जड रायफल चांगली. चौथी कसोटी काडतुसाची: एकाच नळीला एका कारखान्याचें काडतूस मानवतें, दुसऱ्याचें मानवत नाहीं. दोन-तीन प्रकारांच्या पांच-पांच गोळ्या कागदावर टेकून झाडाव्या आणि ज्यांचीं छिद्रें सर्वांत जवळ पडतील, तें काडतूस नेहमीसाठीं ठेवावें. पांचवी आणि मुख्य कसोटी अशी, कीं विकत घेण्याआधीं संस्थेच्या मैदानावर दुसऱ्याची रायफल हातांत घ्यावी. मुंबईंत वरळी येथें महाराष्ट्र रायफल असोसिएशनचें मैदान आहे. कर्जत-खालापुराहून जवळ म्हणजे पनवेल. तेथें ऑलिंपियन नेमबाज सुमा शिरूर यांनीं २००६ सालीं लक्ष्य शूटिंग क्लब स्थापन केला. घरांतील मुलांनीं तर आरंभ हवेच्या रायफलीनें, दहा मीटरांवर आणि शिक्षकाच्या नजरेखालीं करावा. पुढें रिमफायर रायफल हातीं आली म्हणजे तेथील शिस्त जशीच्या तशी उपयोगीं पडते.

शेतघराच्या अंगणांत बाटली ठेवून नेम धरण्यास काय हरकत आहे, असें कोणी विचारील. हरकत आहे, आणि ती मोठी आहे. बावीसची गोळी पन्नास मीटर जातां जातां सुमारें १२ सेंटिमीटर खालीं येते आणि शंभर मीटरांवर अर्ध्या मीटराहून किंचित अधिक. यावरून ती लवकरच जमिनीवर पडत असावी असें वाटतें. परंतु नळी थोडी वर उचललेली असली, तर हीच गोळी सुमारें दीड किलोमीटरपर्यंत जाते, आणि तेथेंहि तिला इजा करण्याइतका जोर उरतो. सह्याद्रीचा काळा कातळ किंवा ओढ्याचें पाणी यांवर आपटलेली गोळी थांबत नाहीं. ती उसळून भलतीकडे जाते. अंगणांतून समोरची टेकडी ओसाड दिसते, पण ती ओसाड नसते. पावसाळ्यांत तिच्या उतारावर नाचणी-वरीचीं शेतें असतात, बायका रानभाजी खुडत असतात, गुरांमागें पोरें असतात. उन्हाळ्यांत कोणी मोळी घेऊन उतरत असतें. झाडीआडची पायवाट नेम धरणाऱ्यास दिसत नाहीं आणि त्या वाटेनें चालणाऱ्यास नेम धरणारा दिसत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें बेफिकीरपणें बंदूक झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु सुटलेली गोळी शिक्षेनें परत येत नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत असें. शिकारीसाठीं रायफल घेऊं नये, कारण शिकारच उरलेली नाहीं. निशाणबाजीसाठीं घ्यावयाची, तर अर्धस्वयंचलित रायफलीच्या मोहांत न पडतां एकेक काडतूस भरावयाची, अंगास बसणारी आणि चापाची चांगली अशी साधी बोल्टची रायफल घ्यावी. ती मैदानावर न्यावी, मैदानावर झाडावी आणि रिकामी करून, काडतुसांपासून वेगळी, कुलपांत ठेवावी. कर्जतच्या शेतघरीं जातांना ती शहरांतच राहूं द्यावी. तेथील डोंगर दुर्बिणीनें पाहावे. तित्तराचा आवाज ऐकावा. आणि समोरच्या उतारावरची वाट ठाकूरवाडीच्या माणसांस पूर्वींसारखीच निर्धास्त राहूं द्यावी.